येळवशीच्या दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर उभं राहू नका

औसारोडकर (धागा सुरू)

काल येळवस झाली. आज सकाळी औसा रोडला फिरायला येणाऱ्यांतले निम्मे गायब, आणि जे आले त्यांची तोंडं उतरलेली. एकजण म्हणाला, "परवा ८२ होतो, आज पावणेचौऱ्याऐंशी. दोन महिने घाम गाळला तो पाण्यात गेला." दुसऱ्यानं आजपासून दोन दिवस नुसतं लिंबूपाणी घ्यायचं ठरवलंय. तिसरा म्हणे, आता काय, संक्रांत होऊन जाऊ द्या, मग बघू. मला या तिघांत सगळ्यात जास्त काळजी तिसऱ्याची वाटते, म्हणून हा धागा.

लातूर-धाराशिवच्या बाहेरच्यांसाठी थोडक्यात: मार्गशीर्ष अमावस्येला आमच्याकडं अख्खं गाव शेतात असतं. कडब्याची कोप म्हणजे छोटी खोपी, आत पाच पांडव, "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणत फेऱ्या, आणि मग जेवण. भज्जी म्हणजे भाज्या-दाण्यांची मिसळ भाजी, अंबील, पिठाचे उंडे, गव्हाची खीर, शेंगदाण्याच्या नाहीतर तिळाच्या पोळ्या, आंबट भात. शहरात त्या दिवशी चहाची टपरी उघडी सापडायची नाही. ज्याला स्वतःचं शेत नाही त्याला तर चार शेतांची आमंत्रणं, आणि कोपीत आलेल्या माणसाला न जेवता कुणी जाऊ देत नाही.

आता त्या पावणेदोन किलोचं बघू. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. म्हणजे पावणेदोन किलो चरबी एका दिवसात चढवायची तर रोजची गरज भागवून वर साडेतेरा हजार कॅलरी खायला पाहिजेत. तूप लावलेली मोठी शेंगदाण्याची पोळी चारशे-साडेचारशेची धरा. रोजच्या जेवणाशिवाय तीसेक पोळ्या झाल्या. आमच्या त्या मित्रानं तीन खाल्ल्या होत्या, मी शेजारीच बसलो होतो.

मग काटा का वर गेला? बरेच दिवस कमी खाल्लं की यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, कमी झालेलं असतं. गूळ, गहू, ज्वारी, भात पोटभर गेल्यावर तो साठा परत भरतो, आणि एका ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी शरीरात थांबतं. ३०० ग्रॅम साठा भरला तर पाण्यासकट सव्वा किलोच्या आसपास वजन तिथंच वाढलं. जास्तीच्या मिठानं आणखी पाणी धरून ठेवलं. शिवाय कालचं अन्न अजून आतड्यात आहे, तेही काट्यावर चढतंच की. तीन-चार दिवस नेहमीसारखं खाल्लं की यातलं बहुतेक आपोआप उतरतं.

आठवड्याचा हिशेब असा. समजा वजन आहे तिथं टिकवायला तुम्हाला २२०० कॅलरी लागतात आणि तुम्ही १७०० खाताय. सहा दिवसांची बचत ३०००. येळवशीला ३७०० खाल्ल्या तर १५०० वर गेलं. तरी आठवड्याअखेर १५०० शिल्लक, म्हणजे पावशेराला थोडी कमी चरबी उतरलीच. नेहमीच्या आठवड्याला अर्धा किलोच्या आत-बाहेर उतरते, या आठवड्यात निम्म्याहून कमी. येळवशीसारखा दिवस कधीतरी येतो, नुकसान काय ते एवढंच.

पण "संक्रांत झाल्यावर बघू" म्हणणाऱ्याचा हिशेब वेगळा. येळवस, मग हुरडे, मग भोगी, मग संक्रांत. मधल्या प्रत्येक साध्या दिवशीही तो रोज तीन-चारशे जास्त खाणार, कारण "सुटलंच आहे". वजन वाढतं ते त्या मधल्या दिवसांत.

तुमच्याकडं काय अनुभव?

---

मांजराकाठ

अगदी बरोबर. आमच्या घरी दीक्षित सरांची पद्धत चालते, दोन वेळा जेवण आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत. येळवशीला पहिल्या कोपीत ५५ मिनिटं संपली, दुसऱ्या कोपीपर्यंत चालत जायला वीस लागली, तिथं काकू वाट बघत उभी. आता सांगा, घड्याळ दाखवू का काकूला?

---

औसारोडकर

काकूला घड्याळ दाखवलं तर पुढच्या वर्षी आमंत्रण नाही :) पद्धत कुठलीही असो, दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या जेवणाला तिच्यावर परत आलं की झालं. आदल्या दिवशीची शिक्षा भोगायला म्हणून एक जेवण कमी करायचं नाही.

---

उदगीरी_बाबा

एवढा हिशेब करून कोण जेवायलंय भाऊ. आमचा आज्जा एका बैठकीत धा उंडे खायचा, वर बिंदगीभर अंबील. कधी पोट सुटलं नाही त्याचं. तुम्ही लोकं सणाचं बी कॅलरीत मोजायलात. सण हाय, खावा की निवांत.

---

बीडचा_रोखठोक

बाबा, आज्जा दुसऱ्या दिवशी पहाटे मोटेवर होता. आपण दुसऱ्या दिवशी खुर्चीवर.

औसारोडकर, तुमचं गणित पटलं, पण एका शब्दाला माझी हरकत आहे: "कधीतरी". मी मागच्या महिन्याचं कॅलेंडर काढून बसलो. दोन लग्नं, एक साखरपुडा, एक वास्तुशांती, पाहुण्यांकडं कंदुरी, एक तेरवी, ऑफिसातल्या साहेबाची बदली म्हणून जेवण, आणि बायकोच्या भाचीचं बारसं. यातलं एकही टाळण्यासारखं नव्हतं असं मलाही तेव्हा वाटलं होतं. आपल्याकडं "कधीतरी" आठवड्यातून दोनदा येतं, आणि दर वेळी माणूस मनापासून म्हणतो, आजचा दिवस वेगळा आहे.

तुमच्याच आकड्यांनी बघा. आठवड्यात असे दोन दिवस धरले तर पाच दिवसांची बचत २५००, दोन दिवसांची उधळण ३०००. वजन उतरायचं तर लांबच, चढलं. म्हणून ज्यांच्याकडं खरंच वर्षातून आठ-दहा मोठे दिवस आहेत त्यांनी हा धागा वाचून निर्धास्त व्हावं. बाकीच्यांनी आधी कॅलेंडर काढावं.

मी आता महिना सुरू होतानाच स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर फुल्या मारतो. फुलीच्या दिवशी मोकळं जेवायचं. बाकी ठिकाणी जायचं, आहेर द्यायचा, ताटावर बसायचं, पण नेहमीच्या मापानं जेवायचं. लग्नात वाढप्याला हात आडवा केला तर कुणी रागावत नाही. तो पुढच्या ताटाकडं कधीच गेलेला असतो.

---

औसारोडकर

हरकत मान्य. फुल्यांची युक्ती उचलतो.

---

निलंग्याची_सून

पुरुष मंडळींनी गणित छान मांडलंय, पण ते पुरुषाचं आहे. मी पाच फुटांची, वजन ६२, काम बसून. मला वजन टिकवायलाच १६०० च्या आसपास लागतात. मी १२५० ते १३०० वर असते, म्हणजे दिवसाची बचत तीन-सव्वातीनशे. सहा दिवसांत १९०० नाहीतर २०००. येळवशीला मी ३००० खाल्लं तर १४०० गेले. हाती राहिले पाचशे. कोपीत माझं आणि नवऱ्याचं ताट सारखंच, पण माझा आठवडा जवळजवळ जिथल्या तिथं राहतो. दोघांनी मिळून सुरू केलेलं असतं, त्याचं उतरतं, हिचं उतरत नाही, आणि मग "तू चोरून खातेस" असं हसत हसत बोललं जातं. असो.

त्यावर आदल्या दिवशी ८०० वर राहायचं, दुसऱ्या दिवशी उपास, असलं काही मी करत नाही. करून पाहणाऱ्या दोन जावा आहेत, त्यांचं काय होतं ते डोळ्यांनी बघते. आदल्या दिवशी उपाशी राहून रात्रभर भज्जीसाठी भाज्या निवडायच्या, तुरीच्या-वाटाण्याच्या शेंगा सोलायच्या, पहाटे उंडे वळायचे. सकाळी डोक्यावर टोपली घेऊन शेतात पोचेपर्यंत हात थरथरतात. मग पहिल्या पोळीपासूनच कंट्रोल जातो. मी सकाळी निघण्याआधी भाकरी आणि दही खाऊन घेते. येळवशीचा आठवडा वजन टिकवायचा, उतरवायचा नाही, असं ठरवून टाकलं की डोकं शांत राहतं.

आणि खरी गोष्ट कुणीच बोललं नाही. उरलेलं! येळवस एका दिवसाची, भज्जी तीन दिवसांची. ती मुरल्यावर जास्त लागते हे मलाही कळतं. भज्जीवर माझा राग नाही. तिच्यात पालेभाजी, वांगी, गाजर, ओले दाणे, बेसन. दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या भाकरीबरोबर वाटीभर खाल्ली तर ते साधं चांगलं जेवणच आहे. घात करतात त्या डब्यातल्या शेंगदाण्याच्या पोळ्या. टिकतात, म्हणून कुणी टाकत नाही. मग चहाबरोबर अर्धी, येता-जाता चतकोर, मुलानं उष्टी ठेवलेली आईच्या पोटात. या पोळ्या मी शेतातच वाटून येते. गड्यांच्या घरी, शेजारच्या शेतात, येताना वॉचमनला. घरी येते ती फक्त भज्जी. सासूबाई पहिल्या वर्षी म्हणाल्या, "सगळं वाटून टाकलंस?" आता त्याच डबे भरतात.

---

मांजराकाठ

वरच्या प्रतिसादाची प्रिंट काढून फ्रिजवर लावतो.

---

शहागंजवाली

आमच्याकडे येळवस नाही, पण ईदला हेच. सकाळपासून घराघरांतून शीरखुर्मा, आणि प्रत्येक घरची वाटी पूर्ण संपवावी असा आग्रह. दुपारी नान-खलिया. मी छत्रपती संभाजीनगरला लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या ईदला सहा घरांत सहा वाट्या पाहून घाबरले होते. माझ्या नणंदेनं शिकवलं: पहिल्या घरी पूर्ण वाटी खायची, पुढं प्रत्येक ठिकाणी बसायचं, गप्पा मारायच्या, दोन चमचे खाऊन तोंडभर कौतुक करायचं. नाव घेऊन कौतुक केलं, म्हणजे चारोळी किती छान भिजलीय वगैरे, की वाटीत किती उरलं ते कोणी बघत नाही.

रमजानचा महिनाभर रोजे करूनही वजन न उतरलेले लोक आमच्यात भरपूर आहेत. इफ्तारला भजी आणि सरबत, मग जेवण, मग सहरीला पुन्हा पोटभर. त्यामुळे दिवसभर उपाशी राहिलं की हिशेब जुळतो या कल्पनेवर माझा तरी विश्वास नाही.

---

औषधवाला_नांदेड

माझं औषधाचं दुकान आहे. एक गोष्ट कळकळीनं सांगतो. सणाच्या दुसऱ्या दिवशी "काल जरा जास्त झालं" म्हणून उपास करणाऱ्यांत शुगरचे पेशंट भरपूर असतात. जेवण बंद, पण गोळी चालू, आणि वर प्रायश्चित्त म्हणून पाच किलोमीटर चालणं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर हे धोकादायक आहे. साखर ७० च्या खाली गेली की घाम सुटतो, हातपाय थरथरतात, धडधडतं, डोळ्यांपुढं अंधारी येते. शुद्धीवर असेल तर लगेच तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना.

आणि उलटं पण करू नका. "आज खीर खाणार आहे म्हणून दोन गोळ्या घेतो" असं विचारणारे पण येतात. डोस बदलायचा तो डॉक्टरनं.

शुगरवाल्यांनी काय करावं? आधी भज्जी आणि उंडे, मग गोड, तेही एकच काय ते निवडून, खीर किंवा पोळी. आणि जेवल्यावर कोपीत आडवं न होता बांधाबांधानं पंधरा मिनिटं फेरी. जेवणानंतरच्या चालण्यानं साखर कमी चढते. शेतात आहातच, हरभरा बघत चालायचं.

---

उदगीरी_बाबा

औषधवाले, हे बाकी खरं बोल्लात. आमच्या चुलत्याला मागं असंच झालतं, दुसऱ्या दिवशी दुपारी. लोकं म्हणली उन्हानं आली चक्कर. ऊन कुठलं, पौष महिना होता. शुगर पन्नासवर आली हुती.

---

नाव_नको

वाचत होते. लिहावं की नाही कळत नव्हतं.

माझं सणावाराला काही होत नाही. चारचौघांत मी अगदी मापात जेवते, सगळे म्हणतात किती संयम. रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात उभ्यानं खाते. उरलेली पोळी, मग फरसाण, मग मुलांची बिस्किटं, मग नुसता गूळ. चव पण कळत नाही. पोट दुखेपर्यंत. मग दुसरा दिवस काही खात नाही, आणि एक-दोन दिवसांनी परत तेच. वजन कमी करायला लागल्यापासून वाढलंय. वरचं गणित मला लागू होतं का?

---

औषधवाला_नांदेड

ताई, बरं झालं लिहिलंत. नाही, ते गणित तुमच्यासाठी नाही. हा जास्त जेवण्याचा प्रश्नच नाही. थोड्या वेळात खूप खाणं, थांबावंसं वाटूनही थांबता न येणं, लपून खाणं, नंतर स्वतःचा राग येणं, हे आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने चाललं तर त्याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात. तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि बोलण्याच्या उपचारांचा चांगला उपयोग होतो. तुमचं तेच आहे असं मी इथं बसून ठरवू शकत नाही, ते डॉक्टर ठरवतील. पण दाखवा नक्की. सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग असतो. तिथं जाणं अवघड वाटत असेल तर आधी टेलीमानसला फोन करा, १४४१६. सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं.

खाल्ल्यावर मुद्दाम ओकारी काढणं किंवा जुलाबाच्या गोळ्या घेणं असं काही होत असेल तर थांबू नका. शरीरातले क्षार कमी होऊन हृदयाला त्रास होऊ शकतो.

---

निलंग्याची_सून

नाव_नको, आत्ता वजन कमी करणं बाजूला ठेवा असं मी म्हणेन. दिवसभर न खाण्यानंच रात्रीचं वाढत असेल. सकाळी पोह्यांपासून सुरू करा, तिन्ही वेळा सगळ्यांबरोबर बसून. आणि डॉक्टरकडं जाताना कुणीतरी सोबत न्या. कुणी नसेल तर मला निरोप पाठवा.

---

नाव_नको

ओकारी वगैरे नाही. नंबर लिहून घेतला. निरोप पाठवते.

---

बीडचा_रोखठोक

यावरून एक मुद्दा. जिमवाल्या पोरांनी "चीट डे" नावाचं खूळ आणलंय, रविवार आला की मोकळं सुटायचं. ज्यांना जमतं त्यांना जमो. पण सहा दिवस दात-ओठ खाऊन काढायचे आणि सातव्या दिवशी सुटायचं, यात ते सहा दिवसच फार कडक असतात असं मला वाटतं. रोजच्या जेवणात ठेचा, कारळाची चटणी, अधूनमधून एखादं धपाटं असेल तर रविवारची एवढी वाट बघावी लागत नाही. १७०० ऐवजी १८५० वर राहा, हळू उतरेल, पण सुटणार नाही.

---

जिम_परभणी

रोखठोक काका, आमच्यावरच घसरलात! चीट डे नाही, चीट मील. दिवसभर नाही, एक जेवण. आणि व्यायाम करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी जोर जास्त लागतो, हे बघितलंय मी. साठा भरलेला असतो ना.

---

औसारोडकर

जोर लागतो हे खरं असू शकतं, ग्लायकोजेन भरलेलं असतंच. पण जोर लावताना कालच्या पोळ्या जाळतोय असं मनात आणू नकोस. तासभर चाललं तर माझ्यासारख्याच्या तीनशेच्या आत-बाहेर जळतात, म्हणजे एक पोळी पण नाही. व्यायाम नेहमीचा, नेहमीएवढाच.

---

शहागंजवाली

एक विचारू का? मग वजन कधी करायचं? मला काट्याची सवयच लागलीय.

---

औसारोडकर

सणानंतर चार-पाच दिवस काटा पलंगाखाली. मग सकाळी, पोट साफ झाल्यावर, काही खायच्या आधी. रोज करायचंच असेल तर एका दिवसाचा आकडा सोडून द्या आणि आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघा. बायकांना पाळीच्या आधी पाणी धरल्यानं वजन वाढलेलं दिसतं, त्यांनी मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी तुलना करावी.

---

मांजराकाठ

आणि येत्या रविवारी हुरडा आहे त्याचं काय? आमंत्रण आलंय.

---

औसारोडकर

हुरड्याचं सोपं आहे, त्याला जेवण समजा. लोक सकाळी अकराला आगटीपाशी बसतात, हुरड्याबरोबर शेंगदाण्याची चटणी, गूळ, रेवड्या, शेव, दही खातात, आणि दोन वाजता "आता जेवायला बसू" म्हणून पिठलं-भाकरी, वांग्याची भाजी, भात. दोन जेवणं झाली ती. हुरडा पोटभर खा, चटणी-दही घ्या, शेव-रेवडी सोडा, आणि दोन वाजता ताक पिऊन गप्पा मारत बसा.

---

उदगीरी_बाबा

हुरड्याला बोलवून पिठलं-भाकरी नाही म्हनलं तर घरची बाई काय म्हनंल?

---

निलंग्याची_सून

बाबा, घरची बाई म्हणेल, सुटले. वीस माणसांच्या भाकऱ्या तीच थापणार असते.